तीन टाचण्या

सातवीच्या वर्गाबाहेर भिंतीवर बुचाचा एक फळा होता. दर सोमवारी त्यावर मुलांनी आणलेल्या बातम्या लागत. नळाला पाणी कधी येणार, कोपऱ्यावरचं दुकान का बंद आहे, चित्रकलेच्या बाई शाळा सोडून चालल्यात का, असल्या. सरांनी या फळ्याला एक शिस्त घालून दिली होती. बातमी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहायची. ती खरी आहे असं सांगणारा एक माणूस मिळाला की एका टाचणीने फळ्याच्या कडेला लावायची. दुसरा मिळाला की दुसरी टाचणी. तिसरी टाचणी मिळाली की चिठोरं कडेवरून मधोमध यायचं, आणि मधोमध आलेली बातमी खरी.

माणसंही कुणी आंडूपांडू चालत नसत. तिघं तीन घरांतले हवेत, एकमेकांच्या नात्यातले नकोत. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्या बाजूने बोलणाऱ्याची टाचणी धरायची नाही. ज्याच्याबद्दल बातमी आहे त्याला तर विचारायचंच नाही, कारण चोर काही 'मी चोर' म्हणत नाही. आणि पहिल्या फेरीत टाचण्या पुऱ्या पडल्या नाहीत तर घाई न करता आठवड्याने त्याच माणसांकडे पुन्हा जायचं, कारण माणसं आधी कचरतात आणि मग बोलतात.

मुलांना हा नियम फार आवडला होता. मोठ्यांच्या मोबाईलवर सकाळ-संध्याकाळ काय वाटेल ते येई आणि मोठी माणसं ते वाचून मान डोलावत आणि पुढे ढकलत. सातवीची पोरं मात्र घरी विचारत, टाचण्या किती? पाण्याच्या टाकीत औषध जास्त पडलं अशी आवई उठली तेव्हा सगळी वस्ती भरलेल्या बादल्या ओतून देत होती, आणि फळ्यावर ते चिठोरं एका टाचणीवर लोंबकळत राहिलं. आवई खोटी निघाली. मुख्याध्यापिका स्वतः फळ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि सरांना म्हणाल्या की, मोठ्यांनी तुमच्या वर्गात बसायला हवं. तेव्हापासून फळ्याचा शब्द शाळेबाहेरही चालू लागला.

फळा सांभाळायचं काम तिघांकडे होतं. बातम्या आणायचा रेडिओ; त्याला बंद करायचं बटण देव बसवायला विसरला होता. टाचण्या लावायचा लंबू, कारण त्याचा हात पोचायचा. आणि तपास करायची ताई. ती घरी धाकट्या भावाची ताई होती, पण वर्गातही कुणी चुकलं की लगेच दुरुस्त करायची, म्हणून सगळा वर्गच तिला ताई म्हणू लागला होता.

त्या सोमवारी रेडिओने जे चिठोरं आणलं त्यावर लिहिलं होतं, 'पाळणाघरात बाळांना झोपेचं औषध देतात.'

शाळेच्या मागच्या रस्त्यावर तळमजल्याच्या दोन खोल्यांत हे पाळणाघर होतं. एका खोलीत पाळणे, दुसरीत रांगणाऱ्यांसाठी जाड सतरंजी, खिडक्यांना निळे पडदे. ते चालवणाऱ्या बाईंना लहानथोर सगळे मावशी म्हणत. नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं, दुसरं कुठलं काम येत नव्हतं. पोरं झोपवणं मात्र त्यांना असं यायचं की रडून लालबुंद झालेलं बाळ त्यांच्या खांद्यावर गेलं की दोन सुस्कारे टाकायचं आणि मान टाकायचं. ताई स्वतः तिथेच वाढली होती. आता तिचा भाऊ तिथे होता. आई कारखान्याच्या कचेरीत जाताना त्याला सोडायची आणि संध्याकाळी न्यायची.

ताईने विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? रेडिओ म्हणाला, मामीने. मामीचं बाळ घरी रात्रभर घर डोक्यावर घेतं, आणि पाळणाघरात मात्र ढाराढूर झोपतं. मामी म्हणते, काय पाजतात कोण जाणे.

"म्हणजे तिला माहीत नाही," ताई म्हणाली.

"तिला माहीत नसतं तर ती म्हणाली कशाला असती?"

ताई सरांकडे गेली आणि म्हणाली की ही बातमी लावूच नये. सर वाईट नव्हते. त्यांनी तिला समोर बसवून घेतलं आणि शांतपणे समजावलं की तुझा त्या बाईंवर जीव आहे, म्हणूनच तुला ती खोटी वाटते. आपल्या माणसाची बातमी दुप्पट कडक तपासायची असते, नाहीतर आपल्यात आणि मोबाईलवरच्या माणसांत फरक काय? बातमी खोटी असेल तर टाचण्या मिळणारच नाहीत. तू स्वतः जा आणि विचार.

ताईला ते पटलं. तिला थोडा अभिमानही वाटला. मामीची एक टाचणी लावून चिठोरं कडेला गेलं आणि ताई तपासाला निघाली.

तिने तीन ठिकाणं निवडली. पाळणाघरासमोर इस्त्रीचं दुकान होतं, तिथल्या काकांना दिवसभर पाळणाघराचं दार दिसायचं. पाळणाघराच्या वर एक आजी राहत, त्यांना खालचं सगळं ऐकू यायचं. आणि औषधाच्या दुकानातल्या काकांना कोण काय विकत नेतं ते माहीत असणार. तिघं तीन घरांतले, कुणी कुणाच्या नात्यातलं नाही. निवड इतकी चांगली होती की सरांनी ती वर्गाला मुद्दाम सांगितली.

इस्त्रीवाले काका म्हणाले, नाही बुवा, असलं काही ऐकलं नाही. मग इस्त्री बाजूला उभी करून त्यांनी विचारलं, का ग, काय झालं? ताई म्हणाली, काही नाही, शाळेच्या फळ्यासाठी तपास चाललाय. आजी म्हणाल्या की खालून रडण्याचा आवाज फार येत नाही हे खरं, पण त्यांना वाटायचं की बाईंच्या हातालाच गुण आहे. त्यांनीही विचारलं, कोणी काही म्हणालं का? औषधवाले काका मात्र चिडले. म्हणाले, कोण काय नेतं ते मी गावभर सांगत फिरत नाही. आणि मावशींनी माझ्याकडून खोकल्याची गोळीसुद्धा कधी नेलेली नाही.

ताई उड्या मारतच परत आली. तिघंही नाही म्हणाले होते. तिने सरांना विचारलं, आता बातमी काढून टाकू? सर म्हणाले, नियम काय आहे? नाही म्हणणाऱ्याची टाचणी नसते. आठवड्याने पुन्हा जायचं.

तो आठवडा रस्त्याने आपल्या पद्धतीने घालवला. इस्त्रीवाल्या काकांनी कपडे न्यायला आलेल्या बायकांना सहज सांगितलं की शाळेतून एक मुलगी चौकशीला आली होती, पाळणाघरात म्हणे औषध पाजतात. ते खोटं बोलले नाहीत. मुलगी आलीच होती. बायकांतल्या दोघींची पोरं पाळणाघरात होती. त्यांतली एक जिना चढून आजींकडे गेली आणि विचारू लागली की खालून रडणं ऐकू येतं की नाही. आजींनी विचार केला. शाळेतली मुलगी विचारून गेली, आता ही आई विचारते. आग असल्याशिवाय धूर निघतो का? रडणं ऐकू येत नाही ही एरवी कौतुकाची गोष्ट, ती आजींना आता वेगळीच ऐकू येऊ लागली.

आठवड्याने ताई पुन्हा गेली. इस्त्रीवाले काका म्हणाले, हो, ऐकलंय ना, सगळे तेच बोलतायत. आजी म्हणाल्या, मलाही शंका होतीच, आता दोघीतिघींनी विचारलं. औषधवाल्या काकांनी पूर्वीचंच उत्तर दिलं, ते धरायचं नव्हतं.

ताई फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. तिला ते खरं वाटत नव्हतं. पण तिला वाटतं की नाही याला टाचणी नव्हती. तीन माणसं झाली होती, तीन घरांतली, आणि तिने प्रत्येकाला विचारून खात्री करून घेतली होती की त्यांचं आपसात नातं नाही. लंबू म्हणाला, लावू का? ती म्हणाली, लाव.

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वर्गाला सांगितलं की खरा बातमीदार असा असतो. मन नको म्हणत होतं तरी तिने सत्य लपवलं नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या. ताईनेही वाजवल्या, मग तिच्या लक्षात आलं की त्या आपल्यासाठीच आहेत.

कुणाच्या तरी वडिलांनी मुलाला न्यायला आल्यावर फळ्याचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या पालकांच्या मोबाईलवर गेला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'ही नेहमीची अफवा नाही. मुलांनी तपासून लावलंय.'

दुसऱ्या दिवशी तीन पाळणे रिकामे राहिले. कुणी भांडायला आलं नाही. भांडायला आले असते तर मावशींना निदान बोलायला मिळालं असतं. आया गोड बोलल्या. एकीची सासू आली होती राहायला. एकीने रजा काढली होती. एक म्हणाली, बाळाला जरा सर्दी आहे, बरं झालं की आणते. सगळ्या जाताना बाळाचं झबलं, दुपटं, दुधाची बाटली, सगळं आठवणीने घेऊन गेल्या. सर्दी झालेल्या पोराची बाटली कोण नेतं?

मावशींना खरं कारण कळलं ते रेडिओच्या मामीकडून. मामी बाळाला न्यायला आली तेव्हा तिचं बाळ मावशींच्या मांडीवर झोपलेलं होतं. ती म्हणाली, बघा, बघा, याला काय म्हणायचं? आणि रागाच्या भरात फळ्याचं सगळं सांगून मोकळी झाली.

त्या दिवशी ताई शाळा सुटल्यावर भावाला बघायला गेली तेव्हा मावशी निळा पडदा बाजूला करून रस्त्याकडे बघत बसल्या होत्या. आत दोनच पोरं होती. त्यांनी तिला जवळ बोलावलं नाही की रागावल्याही नाहीत.

"तू तपास केलास म्हणे."

ताईने मान हलवली.

"मला का नाही विचारलंस?"

"तुमची टाचणी धरत नाहीत," ताई म्हणाली. नियमच तसा होता आणि ती तो सांगत होती. तोंडातून बाहेर पडल्यावर तिला तो ऐकू आला.

मावशी म्हणाल्या, बरोबर आहे. मग उठून पोरांचं दूध गाळायला गेल्या.

ताई तिथून निघाली ती थेट समोरच्या इस्त्रीच्या दुकानात. या खेपेला तिने एवढंच विचारलं की, काका, तुम्ही हे पहिल्यांदा कोणाकडून ऐकलंत? काका हसले. म्हणाले, हे काय विचारणं झालं? तुझ्याकडूनच की. ती जिना चढून आजींकडे गेली. आजी म्हणाल्या, ती कपडे न्यायला आली होती ना, तिने सांगितलं, तिला इस्त्रीवाल्याने सांगितलं. आणि त्याआधी तू आली होतीस. शाळेची मुलगी उगाच कशाला विचारेल? ती रेडिओच्या घरी गेली. मामी बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती, बाळ कोकलत होतं. मामी म्हणाली, अग मी तर तेव्हा थट्टेने म्हटलं होतं. पण बघ, निघालं की नाही खरं? फळ्यावर आलं. मी म्हटलं होतंच.

ताई जिन्यात बसली. तिघं तीन घरांतले होते आणि तिघांच्याही घरी बातमी तिनेच नेऊन दिली होती. मामीची थट्टासुद्धा आता मामीकडे सत्य होऊन परत आली होती, फळ्यावरून. वर्गात कुणी ही चूक केली असती तर ताईने लगेच दुरुस्त केली असती.

तिने सरांना सगळं सांगितलं. सरांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, आपण खुलासा लावू. ताई म्हणाली, असा लिहू या, की ही बातमी कोणी पसरवली नाही, आम्हीच पसरवली. आम्ही विचारत फिरलो म्हणून ती झाली.

"असं लिहिलं तर उद्यापासून फळ्यावर कोण विश्वास ठेवेल?"

"नाही ठेवला तर नाही."

सर म्हणाले, तू लहान आहेस. आणि खुलासा त्यांनी स्वतः लिहिला, 'पाळणाघरात बाळांना झोपेचं औषध देत असल्याचा पुरावा मिळालेला नाही.' लंबूने तो मधोमध लावला. त्याचाही कुणीतरी फोटो काढला. ज्या घरांत पहिली बातमी पोचली नव्हती तिथे ती आता खुलाशाबरोबर पोचली. लोकांनी वाचलं आणि म्हणाले, पुरावा मिळाला नाही म्हणजे पठ्ठीने मागे खूणही ठेवली नाही. इस्त्रीवाले काका म्हणाले, शाळेवर कुणाचा तरी दबाव आला असणार.

मग ताई स्वतःच रस्त्यावर उभी राहू लागली. शाळेत मुलांना न्यायला येणाऱ्या आयांना ती थांबवायची आणि सगळं पहिल्यापासून सांगायची: मामीची थट्टा, स्वतःच्या दोन फेऱ्या, आजी, इस्त्रीवाले. बायका ऐकून घेत. एकीने तिचा गाल कुरवाळला आणि म्हणाली, तू तिथेच वाढलीस ना, लळा असतो ग. दुसरी म्हणाली, माया वेडी असते. फळ्यावर टाचण्या लावल्या तेव्हा तिचा शब्द सोन्याचा होता, कारण तेव्हा ती मावशींच्या विरुद्ध बोलत होती.

पाळणाघरात शेवटी एकच पोर उरलं, ताईचा भाऊ. मावशी त्याला दिवसभर खाली ठेवतच नसत. घरमालक येऊन विचारून गेला की खोल्या पुढेही लागणार आहेत का. मावशी त्याला म्हणाल्या, एक पोर असलं तरी पाळणाघरच म्हणतात. हा टिकला की बाकीचे येतील, लोक विसरतात.

सगळं त्या एका पोरावर आलं होतं. ताईने घरी आईला विचारलं, तू त्याला काढणार नाहीस ना? आई भांडी पुसत होती. ती म्हणाली, वेडी आहेस का? तुला मी तिथेच वाढवलं. कचेरीत सगळ्या माझ्या मागे लागल्यात, की काढ, काढ. मी सरळ सांगितलं, मला त्या बाई माहीत आहेत. लोकांचं काय, हत्ती चालला की कुत्री भुंकतात. ताईला त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

पुढचे काही दिवस आई रोज त्याला नेमाने सोडत राहिली आणि संध्याकाळी नेमाने नेत राहिली. जाता येता इस्त्रीच्या दुकानाकडे न बघता ताठ मानेने चालायची. ताईही शाळा सुटली की पाळणाघरात येऊन बसायची. मावशी तिच्याशी पुन्हा दोन-चार शब्द बोलू लागल्या होत्या. पाणी पिऊन घे, दप्तर असं पायात टाकू नकोस, एवढंच, पण बोलत होत्या.

एका संध्याकाळी आई आली तेव्हा भाऊ झोपलेला होता. दुपारभर खेळून दमला होता, मावशींच्या खांद्यावर मान टाकून पडला होता. आईने दोन्ही हात पुढे केले आणि मावशींनी त्याला अलगद तिच्या हातांत दिलं. तो जागा झाला नाही. त्याचा हात खाली लोंबला. आईने त्याला नावाने हाक मारली. त्याने डोळे उघडले नाहीत. तिने त्याचा गाल हलवला.

मग आईने मान खाली केली, नाक त्याच्या ओठांपाशी नेलं आणि वास घेतला.

क्षणभरच. तिचं तिलाही कळलं नसावं. वर बघितलं तर समोर मावशी होत्या, आणि मागे दप्तर उचलायला वाकलेली ताई.

मावशी वळल्या. त्यांनी दोरीवरचं झबलं काढलं, दुपट्याची घडी केली, दुधाची बाटली पुसून टोपण घट्ट लावलं आणि सगळं एका पिशवीत भरलं. आई म्हणू लागली की तसं नाही हो मावशी, मी आपलं सहज, त्याला जरा ताप वाटला. मावशींनी पिशवी तिच्या खांद्याला अडकवली, कारण तिचे दोन्ही हात अडकले होते.

"उद्यापासून आणू नका," त्या म्हणाल्या.

आईने ताईकडे बघितलं. ताई काहीतरी बोलेल असं तिला वाटलं असावं. ताई दारात उभी राहून, आई रस्त्याने चालताना पुन्हा मान खाली करते का, ते बघत राहिली.